सिस्टरांची तोंडी परीक्षा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंना सगळी इमारत सिस्टर म्हणते. एकतीस वर्षं त्या हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये होत्या. डॉक्टरांनी हात पुढे केला की त्यावर नेमकं हत्यार ठेवायचं, हे त्यांचं काम. त्या कामाचा एक नियम होता. डॉक्टर "कात्री" म्हणाले की आधी मोठ्यानं "कात्री" म्हणायचं आणि मगच द्यायची. औषधाचं प्रमाण सांगितलं तर ते जसंच्या तसं परत म्हणायचं आणि डॉक्टरांची मान हलेपर्यंत थांबायचं. मास्कआडून बोललेलं चुकीचं ऐकू आलं तर माणूस जिवानिशी जातो.

निवृत्त झाल्या तरी ही सवय सुटली नाही. लिफ्टमध्ये कुणी "चौथा" म्हणालं की त्या "चौथा" म्हणत आणि मग बटण दाबत. त्यांचे यजमान होते तेव्हा म्हणायचे, "हिच्याशी भांडायची सोय नाही. आपलं बोलणं परत आपल्यालाच ऐकवते, आणि ते दुसऱ्यांदा ऐकताना आपलीच आपल्याला लाज वाटते." त्यांना जाऊन चार वर्षं झाली. एकुलती एक लेक लग्न होऊन परदेशी, फ्रेंच बोलणाऱ्या देशात.

लेकीला दिवस गेले तेव्हा सिस्टर म्हणाल्या, मी येते, आता तिथेच राहते. लेक म्हणाली, "आई, इथे राहायचा परवाना हवा तर फ्रेंचची पहिली परीक्षा पास व्हावी लागते. तू आधी भाषा शीक, मग बघू."

"आधी भाषा, मग बघू," सिस्टर म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी नवी कोरी वही घेऊन त्या आमच्या दारात उभ्या. आमची मुलगी दोन वर्षं फ्रेंचच्या क्लासला जाते, तिलाही तिकडेच शिकायला जायचंय. तिनं त्यांना शिकवायचं ठरलं. रोज संध्याकाळी सहा ते सात, आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी.

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी नवी भाषा म्हणजे काही खायचं काम नाही. पण सिस्टरांची चिकाटी दांडगी. पहिल्याच आठवड्यात त्यांना कळलं की तिकडे टेबल ही बाई असते आणि कात्री पुरुष, तोही अनेकवचनात.

"एकतीस वर्षं हातात धरली," त्या म्हणाल्या, "कधी विचारलंच नाही तिला."

नव्वदला तिकडे चार विसा दहा म्हणतात हे ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "अगं, माझी आजी असंच मोजायची. पण थिएटरात कुणी असा रक्तदाब सांगितला तर बेरीज होईपर्यंत पेशंट वर जाईल."

मुलगी खो खो हसली. मग तिनं पुढचा प्रश्न विचारला, तुम्ही कुठे राहता, फ्रेंचमध्ये. सिस्टरांनी तो प्रश्न स्पष्ट, जसाच्या तसा परत म्हटला, तिच्याकडे बघत थांबल्या, तिची मान हलली तेव्हा उत्तर दिलं. उत्तर बरोबर होतं. रात्री मुलगी मला म्हणाली, "आई, मावशींचे उच्चार बघ. एकेक वाक्य घोटून घेतात. माझ्या पुढे जातील."

मला ते थांबणं खटकलं होतं. परीक्षेत कोण यांच्यासाठी मान हलवणार, असं मनात आलं होतं. पण शिकवणारी ती, शिकणाऱ्या त्या, मध्ये मी कशाला नाक खुपसू, म्हणून गप्प बसले. गप्प बसणं मला चांगलं जमतं.

आठ महिन्यांत त्यांनी तीन वह्या भरल्या. दरम्यान नातू झाला. तो फोनवर दिसे, रडे, आणि लेक म्हणे, "आई, नंतर बोलते." सिस्टर "नंतर" म्हणत आणि वही उघडत.

लेखी पेपर सोपा गेला. तोंडी परीक्षेत समोर एक चष्मेवाले गृहस्थ होते. त्यांनी नाव विचारलं. सिस्टरांनी त्यांचा प्रश्न परत म्हटला आणि मान हलायची वाट बघत थांबल्या. ती हलली नाही. त्यांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. म्हणून त्यांनी प्रश्न पुन्हा म्हटला. गृहस्थांनी तोच प्रश्न सावकाश, जरा मोठ्यानं विचारला. सिस्टरांनीही तो सावकाश, जरा मोठ्यानं परत म्हटला.

"मग?" मी विचारलं.

"मग त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. सगळ्या प्रश्नांची उत्तरं येत होती हो मला. पण हो म्हटल्याशिवाय द्यायचं कसं?"

निकाल आला तेव्हा तो वाचायला त्या आमच्याकडेच आल्या. लेखीत शंभरात ब्याऐंशी. तोंडीत नापास. खाली शेरा होता. मुलीनं तो मनातल्या मनात वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

"वाच," सिस्टर म्हणाल्या.

"प्रश्न समजत नाहीत. परीक्षकाचीच वाक्यं पुन्हा म्हणतात."

त्यांनी हे मात्र परत म्हटलं नाही. मुलगी घाईघाईनं म्हणाली, "मावशी, सहा महिन्यांनी परत बसता येतं. एवढी एक सवय मोडली की झालं. चूक माझी आहे, मी सांगायला हवं होतं." सिस्टर म्हणाल्या, "बसते की," आणि तिथूनच लेकीला फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो. आम्हाला सगळं ऐकू आलं.

लेकीनं निकाल ऐकला. एक सुस्कारा सोडला. तो दुःखाचा नव्हता. मुलीची आई आहे मी, एवढं मला कळतं.

"आई, आता पुरे ना. या वयात कशाला जिवाला त्रास? बाळासाठी पाळणाघर मिळालंय. यांच्या आईही मधूनमधून येतात. तू तिथेच बरी आहेस."

सिस्टरांनी फोन टेबलावर ठेवला, हात मांडीवर घेतले आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "तू तिथेच बरी आहेस."

मग थांबल्या.

पलीकडून भांड्यांचा आवाज आला, बाळाचा आला. मग लेक म्हणाली, "हो आई."

सिस्टरांनी फोन बंद केला. शिकायला नेलेलं आमच्या मुलीचं फ्रेंचचं पुस्तक पिशवीतून काढून तिच्यासमोर ठेवलं. मधल्या पानाचा कोपरा दुमडला होता, तो त्यांनी नखानं सरळ केला. मुलगी म्हणाली, "राहू द्या ना मावशी, पुढच्या वेळेला लागेल." त्या म्हणाल्या, "चुकीचं हत्यार मागितलं की परत घेतात, बाळ. हातात धरून बसत नाहीत." आणि वर गेल्या.

आता लिफ्टमध्ये कुणी "चौथा" म्हणालं तर त्या नुसतं बटण दाबतात.

आमच्या मुलीची पुढची परीक्षा दोन आठवड्यांवर आली आहे. ती पास होईल. तिला कसलीच जुनी सवय नाही. काल भाजी निवडताना सहज म्हणाली, "आई, मी तिकडे एकदा स्थिरावले की तूही थोडं फ्रेंच शीक. मग बघू."

मी खाली मान घालून भाजी निवडत राहिले. परत काही म्हटलं नाही.