खिशातली बाटली

आमच्या दाजींना लांबून पाहून रस्ता बदलला नाही असा लग्न झालेला पुरुष शेवगावच्या आसपास तुम्हाला शोधून सापडला नसता. मीसुद्धा बदलायचो, आणि मी तर त्यांचा सख्खा मेहुणा. दाजी म्हणजे आमच्या थोरल्या आक्काचे मालक, एका आरोग्य केंद्रात आरोग्यसेवक. तापाच्या रुग्णांचं रक्त घेणं, विहिरीत औषध टाकणं ही कामं ते सरकारची म्हणून करायचे. स्वतःचं म्हणून त्यांनी जन्मभर एकच काम केलं, गड्यांना नसबंदीला तयार करायचं. आता असलं बोलणं माणूस आवाज खाली घेऊन करतो, पण दाजींना खालचा आवाज दिलेलाच नव्हता. पंगतीत शेजारच्याच्या पानात जिलेबी पडते न पडते तोच विचारायचे, "किती झाली लेकरं? मंग आता कुनाचं करायचं, तुमचं का तिचं?" नवरदेवाला आहेराच्या पाकिटात निरोधचं पुडकं द्यायचे. एकदा ते पाकीट नवरदेवाच्या आत्यानं आहेर लिहून घेताना भर मांडवात उघडलं. पुढं दोन वर्षं त्या घरानं आमच्या आक्काला हळदीकुंकवाला बोलावलं नाही.

स्वतःचं ऑपरेशन त्यांनी दुसऱ्या मुलीच्या पाठीवर करून घेतलं होतं. दोन्ही मुलीच, म्हणून भावकीनं नावं ठेवली. दाजी म्हणाले, "दोन बाळंतपनं तिनं काढली, आता पोटावर सुरीबी तिच्याच का?" ऑपरेशननं अशक्तपणा येतो, ओझं उचलत नाही, अशी समजूत आमच्याकडं घट्ट. ती मोडायला दाजी भर बाजारात पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन चालून दाखवायचे. अठ्ठावन्नाव्या वर्षी असंच पोतं उचलताना त्यांना हर्निया झाला, आणि सगळा बाजार म्हणाला, बघा, सांगत नव्हतो?

तालुक्यातल्या मेडिकलात निरोध मागायची लाज, म्हणून आमचे लोक ओळख नसलेल्या गावी जाऊन विकत घेतात. एक सरपंच त्यासाठी पार भिंगारला गेले. काउंटरवर पैसे काढले आणि मागून आवाज आला, "अहो सरपंच, पैसे कशाला घालवता, आपल्याकडं फुकट हायेत की." बायकांसाठी मात्र काय काय निघत होतं. तांबी होतीच, मग तीन महिन्यांचं इंजेक्शन आलं, आठवड्याला एक घ्यायची गोळी आली, आता दंडात बसवायची काडी आलीय म्हणतात. त्यातलं निम्मं केंद्रावर नेमकं संपलेलं असायचं, तो भाग वेगळा. ऑपरेशनच्या शिबिराला बायका फरशीवर सतरंज्या टाकून ओळीनं निजलेल्या असायच्या आणि त्यांचे नवरे बाहेर लिंबाखाली तंबाखू मळत. दाजी त्या नवऱ्यांना पेपरातलं एक जुनं कात्रण दाखवायचे. पुरुषांसाठी इंजेक्शन येणार, असं त्यात होतं. "यतंय, यतंय," म्हणायचे. कात्रण घडीवर फाटलं, त्याला चिकटपट्टी लागली, ते इंजेक्शन काही आमच्याकडं आलं नाही.

त्यांची दुसरी खोड माईकची. आमच्या नगर जिल्ह्यात दशक्रियेला माईक असतो आणि पुढारी रांगेनं श्रद्धांजली वाहतात. दाजी त्या रांगेत घुसायचे. पहिली तीन वाक्यं गेलेल्या माणसाबद्दल, चौथ्याला नसबंदी. मंडपवाल्यानंही अंदाज बांधून ठेवला होता, तो तिसऱ्या वाक्यालाच वायर काढायचा.

आणि तिसरी खोड बाटलीची, तिचा त्रास थेट मला. मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लॅबवाला. ऑपरेशन झाल्यावर तीन महिन्यांनी पुरुषाचं वीर्य तपासावं लागतं, त्यात शुक्रजंतू उरले नाहीत असं दिसलं की मग मोकळीक. बाकी गावांचे लोक तपासायला येतच नाहीत. दाजींचा एकही माणूस चुकायचा नाही, कारण दाजी दारात जाऊन उभे राहायचे, आणि ती बाटली बनियनच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवून, मोटारसायकलवर तासाच्या आत माझ्या टेबलावर आणायचे. माझा डबा उघडलेला असला तरी पर्वा नाही. मी चिडायचो, तर म्हणायचे, "पाव्हणं, भाकर पळून जात न्हाई, हे जातं." वाटेत कुणी चहाला हाक मारली तर थांबायचे नाहीत. "खिशात एका बाईची अब्रू हाय," असं ओरडून पुढं जायचे. नवखे लोक हसायचे. ती बाई कोण, ते आम्हाला माहीत होतं.

तिचं नाव अलका. माहेर खर्ड्याकडचं, सासर दाजींच्या हद्दीतली एक वस्ती. पदरात दोन लेकरं, अंगात रक्त नाही, तिचं ऑपरेशन करायला डॉक्टर तयार होईनात. दाजींनी सहा महिने तिच्या नवऱ्याच्या, रावसाहेबाच्या, मागं लागून त्याला तयार केलं. दोन वर्षांत दाजींना मिळालेला तो पहिला गडी. ऑपरेशनच्या दिवशी दाजींचे पाय जमिनीवर नव्हते. हार काय, पेढे काय, डॉक्टरांबरोबर फोटो काय. रावसाहेबाला गाडीवर घरी सोडलं, दारात मोठ्यांदा म्हणाले, "झालं, आता चिंता मिटली." आणि आले. तीन महिने जपायचं हे सांगायचं राहिलं. त्या तीन महिन्यांसाठी द्यायचं निरोधचं पुडकं गाडीच्या डिकीतच राहिलं. आठवड्यानं सापडलं तेव्हा दाजी वस्तीवर गेले, तर रावसाहेब कांद्याच्या लागवडीला. पुढच्या खेपेला देऊ, म्हणाले. ती पुढची खेप झालीच नाही.

दीड महिन्यात अलकाला दिवस गेल्याचं कळलं. नवऱ्याचं ऑपरेशन झालेलं सगळ्या वस्तीला ठाऊक, दाजींनीच तर पेढे वाटलेले. सासूनं एकच विचारलं, हे कुणाचं? रावसाहेबानं काही न विचारता तिला खर्ड्याच्या गाडीत बसवून दिलं. माहेरी भावजयीनं कुठून तरी गोळ्या आणून दिल्या, विचारलं कुणाला नाही, तपासलं कुणी नाही. अलकाचं रक्त थांबेना. जामखेडला नेताना ती वाटेतच गेली. सासरच्यांनी लोकलाजेस्तव मयत इकडं आणली, पण बायका कुजबुजायच्या त्या कुजबुजतच होत्या.

खरं सांगतो, कागदोपत्री दाजींची काही चूक नव्हती. फॉर्मवर तीन महिन्यांचं छापलेलं होतं आणि खाली रावसाहेबाची सही होती. दाजी गप्प राहिले असते तर कुणी त्यांचं नाव घेतलं नसतं. मी त्यांना तेच सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. पाचव्या दिवशी रावसाहेबाच्या अंगणात जाऊन बसले. इतका बोलका माणूस, दिवसभर तोंडातून शब्द काढला नाही. दिवस कलल्यावर रावसाहेबच बाहेर आला आणि म्हणाला, "आना ती बाटली. मलाबी कळू द्या."

मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. थोडे होते, पण होते, आणि हलत होते.

"नीट बघा," दाजी म्हणाले.

"बघितलं. ऑपरेशन झालंय म्हणून मूल त्याचं नव्हे, असं आता कुणाला म्हणता येणार नाही."

दाजी स्टुलावर बसले. म्हणाले, "पुडकं अजून डिकीतच हाय, पाव्हणं." मी रिपोर्ट लिहून त्यांच्या हातात दिला.

रिपोर्ट असा चारचौघांत वाचायचा नसतो, हे मी त्यांना बजावून सांगितलं होतं. दहाव्याला त्यांनी घाटावर माईक घेतला. तीन वाक्यं गेलेल्या माणसाबद्दल बोलायची त्यांची सवय, त्या दिवशी सगळी तिच्याबद्दलच बोलले. "अलका निर्मळ हुती. हा कागद हाय. आपरेशन झाल्यावर तीन म्हैने जपावं लागतं, ते सांगायचं काम माझं हुतं, मी सांगितलं न्हाई." मंडपवाल्यानं सवयीनं वायर काढली. दाजींनी तेच सगळं पुन्हा तोंडी, पहिल्यापासून सांगितलं. दिरानं त्यांची कॉलर धरली. सासूनं तोंडावर पदर ओढला. रावसाहेब नदीकडं तोंड करून बसला होता तो तसाच बसून राहिला.

दाजींची चौकशी लागली, वेतनवाढ थांबली, बदली झाली. आक्का म्हणायची, गप बसले असते तर काय बिघडलं असतं? पण त्यानंतर दाजी ज्या दारात गेले तिथं पहिला शब्द "तीन म्हैने" आणि शेवटचाही तोच. पोरंसोरं त्यांना बघून "तीन म्हैने आले" म्हणायची. ते खिशावर हात ठेवून निघून जायचे.

गेल्या साली दाजी गेले. दशक्रियेला पुढारी आले, कुणी त्यांना कर्तव्यदक्ष म्हणालं, कुणी हसरं व्यक्तिमत्त्व. नसबंदीचं नाव कुणी काढलं नाही, मीही नाही. आटोपत आलं तेव्हा मागून एक पिकल्या केसांचा माणूस उठून पुढं आला. रावसाहेब. त्यानं दुसरं लग्न केलं नाही एवढं मला ऐकून माहीत होतं. माईक कसा धरायचा त्याला कळेना, मीच जाऊन धरला.

"आपरेशन केल्यावर तीन म्हैने दम धरा," तो म्हणाला. "मंग बाटली देऊन तपासून घ्या. तवर घरच्या बाईला काय बोलू नका." मग दाजींच्या फोटोकडं वळला. "दाजींचं सांगायचं राहिलं हुतं. मीबी तिला काय इचारलं न्हाई."

एवढंच बोलून तो जागेवर जाऊन बसला. वायर कुणी काढली नव्हती. मी माईक हातात धरून तसाच उभा होतो, आणि लग्न झालेल्या त्या सगळ्या पुरुषांतला एकही उठून गेला नाही.