मडमच्या बंगल्यातले पीठ

त्या सोमवारी विद्यार्थी विद्यापीठातल्या बंगल्यात शिरले आणि त्यांनी फरशीवरची टोपली उचलली. निवृत्त झालो, पुष्कळ काही विसरलो. ती टोपली विसरलो नाही.

मी तेव्हा नाशिकच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो आणि विद्यापीठ आमच्या हद्दीत येत असे. इंग्रज अमदानीत कुणा साहेबाने बांधलेला काळ्या दगडाचा तो बंगला विद्यापीठाच्या जागेबरोबरच आवारात आला होता. साहेबाची मडम तिथे तापाने गेली आणि दिवेलागणीला व्हरांड्यात दिवा घेऊन त्याची वाट पाहते, ही गोष्ट प्रत्येक जुनी तुकडी नव्या तुकडीला सांगे. आमचे अंमलदारही तिथली गस्त फाटकाबाहेरूनच उरकत.

टोपलीखाली विझलेली पणती होती. भोवती पीठ पसरलेले होते आणि पिठावर पाखराच्या पायाचा ठसा होता. मुलांनी व्हिडिओ काढला. त्यांच्यातली एक मुलगी दुसऱ्या दिवशी तापाने फणफणली, आणि वसतिगृहात करणीची ओरड उठली. पालक अर्ज घेऊन ठाण्यात आले: जादूटोणा विरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवा.

मी पंचनामा केला. आढ्याला पारवे होते, खिडकीची काच फुटलेली होती. पण मुलांना वेगवेगळे विचारले तरी टोपली उपडी होती, हे सगळ्यांनी एकसारखेच सांगितले.

खबर दिली फाटकासमोरच्या चहावाल्याने.

"सायेब, भूत काय दळण दळून आणत नाय. मेसमधी पोळ्या लाटणारी बाई हाय ना, ती दिवस मावळताना पदराखाली कायतरी घेऊन तिकडं जाती."

"मग तू तिला हटकलं नाहीस?"

"आन मडमच निघाली असती तर? मला बायकापोरं हायेत, सायेब."

ती बाई सिन्नरकडच्या एका खेड्यातली, पन्नाशीची. दिवसाउजेडी, महिला अंमलदारासमोर मी तिची चौकशी केली.

"पीठ तू पसरलंस?"

"व्हय."

"कशासाठी?"

ती टेबलाच्या कोपऱ्याकडे पाहत राहिली. मी आवाज चढवला, मग उतरवला. उपयोग झाला नाही. तेवढ्यात मेसच्या कंत्राटदाराचा फोन आला. "साहेब, ती परत आली तर पोरं जेवायची नाहीत." मेसमागच्या खोलीतली तिची पेटी त्याने बाहेर काढून ठेवली होती. करणीवाली हे नाव एकदा लागले की ते बाईच्या आधी पुढच्या गावात पोचते. काम आणि खोली तर जाणारच होती. तिला दारात उभे करील असे गावही उरणार नव्हते.

दुपारी जेवायला घरी गेलो. सहसा मी ठाण्यातले घरी बोलत नसे. त्या दिवशी बोललो. माझ्या पत्नीचा वाढणारा हात थांबला.

"टोपली उपडी होती?"

"हो."

"अहो, मग तुम्ही तिला 'कशासाठी' काय विचारता? 'कोण गेलं' म्हणून विचारा."

मग तिने सांगितले. तिच्या माहेरी माणूस ज्या जागी प्राण सोडतो तिथे दिवा ठेवतात, भोवती पीठ पसरतात आणि वर टोपली झाकतात. सकाळी पिठावर जे उमटेल त्यावरून जीव कुठल्या जन्माला गेला ते ओळखतात. मी शहरात वाढलेला, पुस्तकांतला माणूस. मला हे ठाऊक नव्हते.

परत आलो आणि तिच्यासमोर बसलो. "मावशी, कोण गेलं?"

तिने पदर तोंडाला लावला. म्हणाली, "मालक. म्हंजे... आमचं लगीन नाय झालं, सायेब."

तो बंगल्याचा राखणदार होता. गावी त्याची लग्नाची बायको होती, मुलगे होते. आदल्या शनिवारी बंगल्यातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या तो गेला. मुलगे देह न्यायला आले, तेव्हा ही फाटकाशी उभी होती. "तू कोण?" असे त्यांनी विचारले. ती मेसकडे परत फिरली.

"तिकडं घरी दिवा लावला आसंल त्यांनी. पन जीव तर हितं गेला ना?"

"एकटी जायला भीती नाही वाटली?"

"मडमची? तिच्यामुळं तर कुनी फिरकलं नाय. तिनंच राखलं मला."

महिला अंमलदाराने पेन खाली ठेवले. मग माझ्या लक्षात आले, टोपली हिच्या आधीच मुलांनी उचलली होती. ठसा हिने पाहिलाच नव्हता. मी फोनवर तो व्हिडिओ लावला आणि ठशापाशी थांबवला. तिने फोन दोन्ही हातांत घेतला.

"पाखरू झालं," ती म्हणाली. "बरं झालं. आता कुनाच्या फाटकाला उभं ऱ्हायला नको."



मुलीच्या रक्ततपासणीत डेंग्यू निघाला. पालकांना मी एवढेच सांगितले, की तो एका गेलेल्या माणसाच्या नावाचा दिवा होता. पुढे आलेले एक वडील दोन पावले मागे सरले आणि त्यांनी हात जोडले. अर्ज दप्तरी दाखल झाला. त्या संध्याकाळी मेसमध्ये मुलांच्या पंगतीत बसून मी तिच्या हातची पोळी खाल्ली. कंत्राटदाराने पेटी स्वतः उचलून आत नेली. पुढे माझी पत्नी तिला रामकुंडावर घेऊन गेली. तिथे दोघी काय बोलल्या, ते मला कधी कळले नाही.

उपड्या टोपलीखाली पाखराचा पाय कसा उमटला, हे मला आजही सांगता येत नाही. पंचनाम्यात जे दिसले ते लिहावे, कळले नाही ते कळल्यासारखे लिहू नये, हे मी त्या प्रकरणात शिकलो. आणि माणूस गप्प बसला की त्याने काय केले यापेक्षा त्याचे काय गेले, ते आधी विचारावे.

गेल्या हिवाळ्यात माझी पत्नी गेली. घरातच गेली. तिच्या बहिणीने दिवा ठेवला, मी पीठ पसरले आणि टोपली झाकली. सकाळी ती मीच उचलली. पीठ सपाट होते. ती कुठल्या जन्माला गेली ते कळले नाही, आणि कळल्यासारखे मी सांगत नाही.

बंगला उभा आहे. मडमची गोष्ट नव्या मुलांना सांगतात. माझ्याकडे त्या सकाळची टोपली आहे.