सारवलेली चूल

पुरानंतर सरकारी माणूस गावात जातो तेव्हा तो डोकी मोजतो, असं लोकांना वाटतं. आम्ही चुली मोजत असू. एका चुलीवर शिजलेलं जे खातात ते एक कुटुंब, अशी व्याख्या छापील फॉर्मच्या माथ्यावरच होती. घर एक आणि चुली दोन, तर कुटुंबं दोन. धान्य, घोंगड्या, पत्रे, सगळं चुलीमागे मिळायचं. व्याख्या चांगली होती. आजही मला तिच्यात खोट काढता येत नाही. मी कोल्हापुरात महसूल खात्यात कारकून होतो. आकड्याला पक्का माणूस म्हणून माझं नाव झालं होतं, त्यामुळे नदी गावात शिरली की माझी नेमणूक ठरलेली.

सत्तरच्या दशकातल्या एका पावसाळ्यातली ही हकीकत आहे. गाव शिरोळ भागातलं, जयसिंगपूरहून सायकलनं तासाभराचं. पाणी आठ दिवस गावात थांबलं आणि कच्च्या विटांची घरं बसली. माणसं वाचली. पहिल्या आठवड्यात मदतीचा पूरच आला म्हणायचा. जयसिंगपूरच्या व्यापाऱ्यांनी भाकऱ्या पाठवल्या, पेठ वडगावहून चुरमुऱ्यांची पोती आली, शहरातून जुने कपडे आले. त्यात लग्नातले फेटेसुद्धा होते. मी लोकांना विचारलं की काय कमी पडतंय, तर बायका म्हणाल्या, काडेपेटी आणि मीठ. ते कुणी पाठवलं नव्हतं आणि आमच्या फॉर्मात त्याला रकानाही नव्हता. रस्त्याकडेच्या घरांना चार-चार घोंगड्या मिळाल्या, नदीकडच्या गल्लीत एकही पोचली नाही. तीन संस्था आणि आमची कचेरी, अशा चार याद्या होत्या आणि चारही वेगळ्या.

बैठकीत मी सुचवलं की यादी एकच असावी आणि सगळ्यांनी तीच वापरावी. धान्य तिच्यावर, पत्रे तिच्यावर, आणि उंचावर नवं गावठाण बसवायचं ठरत होतं, तिथले प्लॉटही तिच्यावरच. सगळ्यांना पटलं. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. चार याद्या असल्या की एकीतून सुटलेला माणूस दुसरीत सापडतो, हे त्या खोलीत कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

यादी करायला मी गेलो तेव्हा पाणी ओसरून तीन आठवडे झाले होते. गावच्या तलाठ्याचं स्वतःचंच घर पडलेलं, म्हणून त्याला रजा दिली होती. माझ्याबरोबर दुसऱ्या गावचा तलाठी होता. त्याची तिथं कुणाशी ओळख नव्हती आणि मला ते बरंच वाटलं होतं. ओळख नाही म्हणजे वशिला नाही.

लोक पडलेल्या भिंतींच्या आड उसाचं पाचट घालून राहत होते. घरपट्टीच्या वहीत होती त्यापेक्षा चुली कितीतरी जास्त निघाल्या. प्लॉटची बातमी आमच्या आधी पोचली होती. बापानं एक चूल दाखवायची, आठ पावलांवर लेकानं दुसरी. तलाठी हसून म्हणाला, "साहेब, या गावात पुरात भावकी बी वाहून गेली बघा." एक म्हातारा तर आम्हाला बघून तीन दगड घेऊन पळाला आणि मांडायला जागा न सापडल्यामुळं त्यांच्यावरच बसून राहिला. "काय पावणं, लई दमलासा," असं म्हणून त्यानं आम्हालाच विडी पुढं केली.

खऱ्याखोट्याची निवड करायला मी एक कसोटी काढली. तीन आठवडे जी चूल पेटते आहे तिचं तोंड काळं हवं आणि आत राख हवी. कालची चूल असेल तर माती ओली, तोंड स्वच्छ. मी प्रत्येक चुलीपाशी उकिडवा बसायचो, आतून बोट फिरवायचो आणि बोट बघायचो. काळं निघालं तर नोंद. नाही निघालं तर शेरा, 'चूल नवी', आणि नाव खोडायचं. दोन दिवसांत एकवीस नावं मी खोडली. त्या म्हाताऱ्यासकट. कुणाशी वाद घालावा लागला नाही, बोटच दाखवायचं.

नदीकडच्या गल्लीत एक बाई होती. तिशीतली असेल, विधवा, दहा वर्षांची एक मुलगी. दिराच्या पडक्या घराच्या एका अंगाला तिनं पाचटाचा आडोसा केला होता. तिची चूल मी बघितली. माती ओलसर, तोंड स्वच्छ, आत राखेचा कण नाही. बोट फिरवलं, बोटाला शेण-माती लागली. शेजारी भगुलं पालथं घातलेलं, तेही घासून लख्ख.

"सकाळीच सारवलीया, सायेब," ती म्हणाली. एवढंच. आवाज चढवला नाही, दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

दीर तिथंच उभा होता. मी त्याला विचारलं, या वेगळ्या जेवतात का. तो म्हणाला, "कुठली वेगळी? आमच्यातच हाय की ती." बाईनं त्याच्याकडं बघितलं आणि पदर नीट केला. मुलगी काही बोलू लागली तर तिनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. मी लिहिलं, 'चूल नवी. दिराकडे एकत्र.' दिराच्या दोन चुली होत्या, एक त्याची, एक थोरल्या मुलाची. दोन्ही काळ्या होत्या. दोन्ही मांडल्या. माझ्या लेखी सगळं नियमात होतं. त्या दिवशीचा आकडा पुन्हा पुन्हा बेरीज करून बरोबर आला तेव्हा मला समाधानही वाटलं, हे लिहिलं पाहिजे.

रविवारी घरी आलो. आम्ही तेव्हा शहरात दोन खोल्यांत राहायचो आणि स्वयंपाक रॉकेलच्या स्टोव्हवर व्हायचा. जेवताना मी बायकोला माझी कसोटी सांगितली, जरा ऐटीतच. ती तांदूळ निवडत होती. तिचं माहेर खेड्यातलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अहो, आणि सारवलेली असली तर?"

मी म्हटलं, म्हणजे काय.

"म्हणजे चूल सारवल्याशिवाय पेटवत नाहीत. आमची आई राख भरून भांड्याला काढायची, चूल पोतेऱ्यानं आतून-बाहेरून सारवायची, मग विस्तव. काळी चूल म्हणजे आळशी बाई. तुम्ही आळशी बायकांची यादी केलीत."

ती हसत म्हणाली होती. माझा घास हातात राहिला. बाकीच्या बायकांना आळशी म्हणणं बरोबर नव्हतं. घर पडलेल्या माणसाला सारवण कुठून सुचणार. गावभर सगळ्यांनी ते सोडून दिलं होतं, म्हणून माझी कसोटी चालली. एका बाईनं सोडलं नव्हतं. आणि तिनं मला ते तोंडानं सांगितलं होतं.

बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि हसणं थांबवलं. "कोण आहे ती?" तिनं विचारलं. मी सांगितलं. "मग उद्या जाऊन घाला की नाव," ती म्हणाली.

सोमवारी दहाच्या आधी मी साहेबांच्या दारात उभा राहिलो. यादीच्या प्रती शनिवारीच निघाल्या होत्या. चारही ठिकाणी गेल्या होत्या आणि नव्या गावठाणाचा नकाशा तिच्यावरून आखायला दिला होता. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी नीट ऐकलं. म्हणाले, जमीन मिळाली आहे तेवढीच आहे, प्लॉट तितकेच बसतात. एक नाव घालायचं तर एक काढावं लागेल. खोटं नाव दाखवा, जबाब आणा, मी सही करतो.

मी त्याच दिवशी गेलो. शेजाऱ्यांकडे चौकशी केली, तर दोन गोष्टी उभ्याउभ्या कळल्या. नवरा गेल्यापासून, म्हणजे पुराच्या आधी दोन वर्षं, ती बाई वेगळीच शिजवून खात होती. आणि दिराच्या थोरल्या मुलाचं लग्नच झालेलं नव्हतं. दुसरी चूल निव्वळ दाखवायची होती, दिव्याची काजळी फासून काळी केलेली. पण हे कागदावर सांगायला कुणी तयार होईना. एकजण म्हणाला, "आमच्या बी दोन दोन लावल्यात, सायेब. आम्ही कुणाच्या तोंडानं बोलायचं?" त्याचं म्हणणं रास्त होतं.

राहिली ती बाई. ती जबाब देऊ शकत होती आणि तो पुरला असता. मी तिला सगळं सांगितलं. चूक माझी होती, हेही सांगितलं. दिराची दुसरी चूल खोटी आहे एवढं तुम्ही सांगा, अंगठा करा, प्लॉट तुमच्या नावावर होईल.

ती भाकरी थापत होती. चूल सारवलेलीच होती, आता आत जाळ होता. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, विस्तवापुढं उभी केली, मग बोलली.

"धान्य आलं न्हाई माझ्या नावचं. चार दिस झालं, दिराच्याच घरचं पीठ खातोय आमी मायलेकी. कागदात तसंच लिवलंय म्हणं."

मी म्हटलं, हो.

"मग त्येंचंच खाऊन त्येंच्यावर अंगठा करू? जागा मिळंल तवा मिळंल. तवर ही पोर कुणाच्या दारात ठिवू?"

मी म्हणालो, महिन्याभराचा प्रश्न आहे, मी लक्ष घालीन. ते म्हणताना मलाच माहीत होतं की मी कोल्हापूरला राहतो.

"तुमी चांगलं हायसा," ती म्हणाली. "खरं, तुमी उठून जाणार, सायेब."

वेगळा प्लॉट मिळाला असता तर ती नवऱ्याच्या वाट्याची शेतीही मागायला उभी राहिली असती. दीर म्हणूनच तसं बोलला होता. हे मला तिथून परतताना, सायकल चिखलातून ढकलताना सुचलं. तिला ते आधीपासून ठाऊक असणार. म्हणूनच ती घाबरत होती.

मी जबाबाशिवाय परत आलो. तसाच अहवाल देऊन दिराचं दुसरं नाव खोडता आलं असतं. साहेबांनी कदाचित सहीही केली असती. पण जबाबाशिवाय कुणाचं नाव काढायचं नाही असा नियम होता आणि मी तो पाळला. तिचं नाव मी बोट बघून काढलं होतं, तेव्हा हा नियम मला आठवला नव्हता. बायकोनं विचारलं, झालं का काम. मी म्हटलं, प्रयत्न चालू आहे. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

सहा-सात वर्षांनी घरोघरची नोंद करायच्या कामावर मी त्या नव्या गावठाणात गेलो. ओळी सरळ होत्या, रस्ते रुंद होते, पावसाळ्यातही पाणी येण्यासारखं नव्हतं. दिराचे दोन प्लॉट शेजारी शेजारी होते. एकावर घर, दुसऱ्यावर जनावरांचा गोठा. गोठ्यात एक म्हैस आणि कडब्याचा ढीग होता. दिरानं मला ओळखलं नाही, किंवा तसं दाखवलं. मी ओसरीवर बसून फॉर्म उघडला.

चहा तीच घेऊन आली. केस बरेच पांढरे झाले होते. मला बघून क्षणभर थांबली, मग कपबशी खाली ठेवली. मी मुलीबद्दल विचारलं. दिलं दोन वर्षांमागं, पलीकडं, निपाणीच्या बाजूला, ती म्हणाली. मी मनात वय मोजलं आणि पुढं विचारलं नाही.

रकाना तोच होता. कुटुंबप्रमुख, पत्नी, मुलगा, सून. मग ती. मला तो प्रश्न विचारावाच लागणार होता आणि या वेळी मी तिलाच विचारला, दिराला नाही.

"जेवण एकत्रच का?"

"व्हय," ती म्हणाली. "एकाच चुलीवर हाय आता."

मी लिहिलं, 'विधवा भावजय, एकत्र.' खाडाखोड करावी लागली नाही. ती रिकामी कपबशी घेऊन आत गेली. फॉर्म वाचून दाखवून, कुणाची हरकत आहे का असं विचारायचा नियम आहे. मी वाचून दाखवला आणि विचारलं. दिरानं सही केली. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. हरकत कुणी घेतली नाही.