ओठ तेवढे राहिले

शकुनबाई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी गडचांदूरच्या शाळेत सातवीच्या मुलांना चित्रात कान काढायला शिकवत होते. ‘कान कोणीच नीट पाहत नाही’ हे बाईंचं वाक्य त्यांना नुकतंच ऐकवलं होतं. फोन बाईंच्या पुतणीचा. ‘आत्या सकाळी गेली,’ एवढंच ती म्हणाली... फळ्यावरचा अर्धा राहिलेला कान मी पूर्ण केला आणि मगच खुर्चीत बसले.

बाई मूळच्या चंद्रपूरच्या. नागपुरात चित्रकला शिकल्या, एटापल्लीच्या शाळेत चित्रकलेच्या शिक्षिका म्हणून आल्या आणि तिथल्याच होऊन गेल्या. शाळा सुटली की त्या माणसांचे चेहरे रंगवत. येणारे बहुतेक गेलेल्या माणसाचं चित्र मागायला येत. सुरुवातीला एका म्हाताऱ्याचं चित्र त्यांनी मतदान ओळखपत्रावरच्या फोटोवरून काढलं. नाक, डोळे, कपाळ, सगळं हुबेहूब. त्याच्या लेकीनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, ‘बाई, हा आमचा बा नाई. आमचा बा कोनाले भेत नव्हता.’ फोटोवाल्यानं ‘हलू नको’ म्हणून दरडावलं असणार, आणि बाईंनी ती भीतीच इमानेइतबारे रंगवली होती. ही फजिती त्या स्वतःच सांगत आणि पोट धरून हसत.

तेव्हापासून फोटो बंद. घरच्या माणसांना ओसरीत बसवायचं, एकाचं कपाळ घ्यायचं, दुसऱ्याचे कान घ्यायचे. ‘नाक कसं होतं?’ असं त्या कधी विचारत नसत. विचारत, ‘कोनाची वाट पाहे तवा कसा बसे? भाजीत मीठ जास्त झालं तं काय करे?’ मिठाचा आणि नाकाचा काय संबंध, हे शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे रेंगाळणाऱ्या आम्हा मुलींना कळायचं नाही. मग लाल काठाचा, बाजारातला गोल आरसा घेऊन त्या चित्राकडे पाठ करून उभ्या राहत आणि आरशातून चित्र तपासत. ‘उलटं पाहलं का चूक लपत नाई,’ म्हणत.

माझी माय मी दीड वर्षाची असताना गेली. तिचा एकही फोटो नाही. मला मावशीनं वाढवलं. नववीत असताना मी बाईंना म्हटलं, मला मायचा चेहरा पाहायचाय. त्यांनी मावशीला बोलावलं, मला खुर्चीवर बसवलं आणि आठ-दहा दिवसांत माय दिसायला लागली. कपाळ मावशीचं, हनुवटी माझी. मावशी मान डोलवायची. ओठांशी मात्र गाडी अडली. बाईंनी दोनदा काढले, दोनदा मावशी म्हणाली, ‘हे तिचे नाई.’ मग कसे होते? ‘आता कसं सांगू बाई... आठवत नाई,’ म्हणून ती रडायला लागली. बाईंनी ओठ पुसून टाकले, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि ब्रश खाली ठेवला. ‘हे तुलेच काढा लागन. मी नाई काढत.’

मला भयंकर राग आला. चौदा वर्षांची पोर काय काढणार? पुढे मी चित्रकलेची शिक्षिका झाले, तरी दर दिवाळीच्या सुटीत त्यांच्या खोलीत भिंतीवर बिनओठांची माय तशीच. ‘बाई, कधी पुरं करता?’ ‘तुले वेळ भेटन तवा.’ मला वाटायचं, जमलं नाही हे कबूल करायला बाईंना जड जातंय. म्हणून मीही कधी हात लावला नाही. दोघी सारख्याच हट्टी.

त्या गेल्यावर पंधरा दिवसांनी पुतणीनं बोलावून ते चित्र आणि तो आरसा माझ्या हातात ठेवला. बसमध्ये चित्र मांडीवर घेऊन मी मावशीच्या गावी गेले. मनात एकच धास्ती होती. मायला पाहिलेलं, तिच्याबद्दल सांगणारं आता मावशीखेरीज कोणी उरलं नव्हतं आणि मावशीही थकलीय. ओसरीत चित्र भिंतीला टेकवलं, तिला समोर बसवलं आणि बाईंसारखं विचारलं, ‘मावशी, माय चिडली तं काय करे?’ तिनं पदरानं चित्रावरची धूळ पुसली. ‘भाजीत मीठ जास्त झालं तं?’ ‘आठवत नाई,’ म्हणून तिनं मान हलवली. शेवटी मी पेन्सिल उचलली आणि अंदाजानं एक बारीक रेघ ओढायला लागले.

‘अशीच...’ मावशी म्हणाली. ती चित्राकडे पाहतच नव्हती, माझ्याकडे पाहत होती. ‘सुईत दोरा ओवतानी खालचा ओठ असाच दाताखाली धरे. तू आता धरून राह्यली ना, तसाच.’

नववीत बाईंच्या खुर्चीवर मी हात मांडीवर ठेवून गुपचूप बसायचे. तेव्हा ओठ कशाला चावेन? पण वर्गात बाईंनी मला पाच वर्षं चित्रं काढताना पाहिलं होतं. चित्र काढताना माय माझ्याच ओठांवर येईल, हे त्यांना कळलं होतं का? की खरंच जमलं नव्हतं आणि बोलून गेल्या? हे विचारायचं राहूनच गेलं, त्याची चुटपुट जात नाही.

मी लाल काठाचा आरसा चित्राशेजारी टेकवला आणि त्यात पाहिलं. ओठ सुटलेला होता, नेहमीची मीच. पुन्हा पेन्सिल कागदाला लावली, तसा तो आपसूक दाताखाली गेला... आणि आरशात माय दिसली. माझा हात थबकला.

‘थांबू नको,’ मावशी म्हणाली. ‘थांबली का ती जाते. काढत राय.’