पप्पाले सांगण्याचा पाठ

आमच्या वरच्या खोलीत दोन वर्षं भाड्यानं राहिलेल्या मुलीइतका सराव करून जगणारा माणूस मी तुमसरात तर नाहीच, पण पार नागपूरपर्यंत पाहिलेला नाही. लोक परीक्षेचा सराव करतात, नाटकाचा करतात, फार तर लग्नात घ्यायच्या उखाण्याचा करतात. ही मुलगी दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त सांगायचं असलं तरी आधी आरशासमोर दोनदा म्हणून बघायची. ती बी.एड. करत होती. त्या शिक्षणात वर्गावर जाण्याआधी पाठाचं टाचण लिहावं लागतं. त्यात विषय, उद्दिष्टं, साहित्य, विचारायचे प्रश्न आणि मुलं काय उत्तर देतील तेसुद्धा आधीच लिहायचं असतं. तिच्या मैत्रिणी ही टाचणं मागच्या वर्षीच्या मुलींच्या वह्यांतून बिनदिक्कत उतरवून घेत. हिला मात्र त्या कागदाची इतकी गोडी लागली, की सर्दी झाली तरी डॉक्टरांकडे ती टाचण घेऊन जायची. डॉक्टरांनी भलताच प्रश्न विचारला की तिचा चेहरा पडायचा.

सरावाला वर्ग लागतो, आणि घरात वर्ग म्हणजे आम्ही दोघं. मी तीस वर्षं राइस मिलमध्ये मशिनी सांभाळून घरी बसलेला, आणि आमची ही त्याहून जास्त वर्षं मला सांभाळून थकलेली. रोज रात्रीच्या जेवणाला आम्ही सातवी अ व्हायचो. एकदा आम्ही वांग्याची भाजी खात असताना तिनं पचनसंस्था घेतली. अन्ननलिका संपवून ती जठरापाशी पोचली तशी आमची ही म्हणाली, "आधी मले गिळू तं दे वो माय, मंग पचव." मुलीनं लगेच वहीत टिपलं: विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम. मला मात्र तिनं कधी चांगला शेरा दिला नाही. मी उत्तर माहीत नसतानाही हात वर करतो, अशी तिची कायमची तक्रार होती.

ती लाखनीची, ख्रिस्ती घरातली. सकाळी आंघोळ झाली की खिडकी उघडून प्रार्थना करायची, आणि तीही मोठ्यानं. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला पाहिजे अशी तिची शिस्तच होती. तिच्या प्रार्थनेत स्वतःसाठी एक वाक्य असे, बाकी सगळा आमचा मोहल्ला. त्यामुळे माझी साखर वाढलीय, समोरच्या वहिनींचं सासूशी बिनसलंय, कोपऱ्यावरच्या ढिवरीणबाईंचा जावई तळ्यावर मासोळ्या धरायला जातो म्हणून सांगून झोपा काढतो, या सगळ्या गोष्टी देवाबरोबरच गल्लीलाही कळायच्या. ढिवरीणबाई एकदा भांडायला म्हणून आल्या आणि जाताना हळूच सांगून गेल्या, "पोरी, उद्या माह्या गुडघ्याचंबी घेजो."

अशा या मुलीनं दुसऱ्या वर्षी जाहीर केलं, की शिक्षण संपलं की ती वर्षभर टांझानियातल्या एका खेड्यात, चर्चच्या शाळेत लहान मुलांना शिकवायला जाणार. पगार नाही, राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण. निवडीचं पत्रही आलं होतं. मग आमच्या घरात टांझानियाचा सराव सुरू झाला. मच्छरदाणीत झोपणं झालं, एका बादलीत आंघोळ आणि कपडे दोन्ही उरकणं झालं. तिकडचे लोक मक्याच्या पिठाची उगाली खातात म्हणून एका रविवारी तिनं ती आमच्या स्वयंपाकघरात शिजवली. पातेल्यात चमचा उभा राहिला. तो काढायला मला बोलवावं लागलं.

तिकडची स्वाहिली भाषा ती मोबाइलवरून शिकत होती. त्या भाषेत काका म्हणजे मोठा भाऊ आणि दादा म्हणजे मोठी बहीण, हे कळलं त्या दिवशी तिनं फार गोंधळ घातला. मला ती काकाजी म्हणायची. आमच्या हिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग मी तुही वयनी झाली काय?" शेजारच्या लाइनमन दादांना, त्यांच्या एवढ्या मिशांसकट, तिनं भर चौकात ते तिकडे ताई ठरतील असं सांगितलं. पण खरी आनंदानं वेडी झाली ती आणखी तीन शब्दांपायी. जिन्यावरून दोन दोन पायऱ्या उड्या मारत खाली आली. "काकाजी! इंग्रजीत धान बी राइस, तांदूळ बी राइस, भात बी राइस. तिकडे नाही जी! धानाले म्पुंगा, तांदळाले म्चेले, भाताले वाली. आपल्यासारखे तीन शब्द! हे आपलेच लोक हायेत!" तीस वर्षं मिलमध्ये काढलेल्या माणसाला हा मुद्दा पटायला वेळ लागला नाही.

सगळ्यांना सांगून झालं, राहिले तिचे पप्पा. लाखनीला हायवेवर त्यांचं टायर दुरुस्तीचं दुकान. आई ती लहान असतानाच गेलेली, भाऊबहीण नाही. पप्पांच्या मनात एकच होतं: पोरगी शिकेल, लाखनीच्या आसपास कुठे शाळेत लागेल, संध्याकाळी घरी येईल. तिनं टाचण लिहिलं. विषय: पप्पाले सांगणे. पूर्वज्ञान: पप्पांना टांझानिया माहीत नाही. उद्दिष्ट: पप्पा हो म्हणतील. साहित्य: जगाचा नकाशा, चिवडा. मला पप्पा व्हावं लागलं. मी लगेच हो म्हणालो तर ती चिडली. "पप्पा असे लवकर आयकनारे नाहीत. कठीण बना!" मी कठीण बनलो, आवाज चढवला, तुझी आई असती तर काय म्हणाली असती असं विचारलं. ती रडायलाच लागली. आमच्या हिनं माझ्या ताटातली पोळी काढून घेतली.

एका रविवारी चर्च आटोपून पप्पा आले. बारीक अंगाचे, हातांच्या रेषांत टायरचा काळा रंग कायमचा बसलेला. आमच्या बैठकीत तिनं नकाशा टांगला, चिवड्याची बशी त्यांच्या हातात दिली आणि घसा साफ केला. "पप्पा, सांगा बरं, जगात एकूण खंड किती?"

पप्पांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नापास झाली काय?"

हे उत्तर टाचणात नव्हतं. पुढचं सगळं ती एका दमात, पूर्णविराम न घेता बोलून गेली. पप्पांनी एकदा नकाशाकडे पाहिलं. मग आवाज जराही न चढवता म्हणाले, "इकडले लेकरं सरले काय, माय?"

तिनं टाचणाचा कागद उलटून पाहिला. या वेळी मी हात वर केला नाही. पप्पांनी बशी तशीच खाली ठेवली, चहा घेतला आणि निघून गेले. त्यानंतर तीन सकाळी वरची खिडकी उघडली नाही. समोरच्या वहिनी येऊन विचारून गेल्या, "पोट्टी आजारी हाये काय जी? घर सुनंसुनं लागून राहिलं."

चौथ्या दिवशी आंबागडच्या बाजूच्या एका खेड्यातल्या शाळेत तिचा शेवटचा पाठ होता, आणि नेमकी एस.टी. चुकली. ती रडवेली होऊन दारात उभी असताना पप्पांची पिकअप येऊन थांबली. ते तिच्याशी नीट बोलायला म्हणून आले होते. "बस," एवढंच म्हणाले. मीही बसलो, घरी मला काम नव्हतं, आणि या दोघांना एकटं सोडायचा धीर नव्हता.

चौथीचा वर्ग. मागे तपासणाऱ्या मॅडम वही घेऊन बसलेल्या. पप्पा आणि मी ओसरीवर, खिडकीतून बघत. विषय होता पाण्याचे स्रोत. तिनं तक्ता लावला, प्रश्न विचारला, मुलांनी उत्तरं दिली, सगळं टाचणाबरहुकूम चाललं होतं. दाराजवळ एक मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिचे आईवडील बाहेरून वीटभट्टीवर आलेले, आणि तिला गोंडीशिवाय काही येत नव्हतं. आमच्या मुलीनं मधेच थांबून तिच्याकडे पाहिलं. हातातला कागद टेबलावर ठेवला, मांडी घालून त्या मुलीसमोर खाली बसली, तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि भुवया उंचावल्या. मुलीनं ओंजळीत एक बोट बुडवून पाहिलं. मग पुटपुटली, "येर."

"येर!" आमची मुलगी सगळ्या वर्गाकडे वळून ओरडली. "आज ही आपली मॅडम. म्हणा, येर!" चाळीस पोरं ओरडली. मग मुलगी उठली, एकेका वस्तूला हात लावत नावं सांगत सुटली, आणि चुकणाऱ्यांना पुन्हा म्हणायला लावू लागली. तास संपला तेव्हा पाण्याचे स्रोत विहिरीपर्यंतही पोचले नव्हते. मॅडमनी शेरा लिहिला: वेळेचे नियोजन नाही. पप्पा मात्र खिडकीचा गज धरून तसेच उभे होते, आणि ओठ हलवून काहीतरी म्हणून बघत होते.

परतताना दोन गावं मागे पडली. मग पप्पांनी विचारलं, "ते बोली तुले येते काय?"

"नाही पप्पा. तिनंच शिकवली."

आणखी दोन गावं मागे गेली. "वर्षभरच ना?"

"हाव."

"एक दिस जास्त नाही," पप्पा म्हणाले आणि एकदम आरशात बघून मागचा रस्ता तपासू लागले. मागे एकही गाडी नव्हती.

ती गेली त्याला आता सहा महिने होतात. पप्पा आता दर रविवारी चर्च सुटलं की लाखनीहून तुमसरला येतात. त्यांचं इथे दुसरं कोणी नाही. आमच्याकडे बसतात, चहा घेतात. तिच्याविषयी फारसं बोलत नाहीत. आम्हीही काढत नाही. परवा पावसानं ओढ दिलेली, सगळ्या जिल्ह्यात धानाची रोवणी अडलेली. मी सहज विचारलं, लाखनीकडे पडला का. ते जरा अडखळले. "ध्यान नाही राहिलं, भाऊ," म्हणाले. "पन टांझानियात थंडी हाये आता. सकाळी लेकरं स्वेटर घालून येतात म्हने." असं म्हणून ते बाहेरच्या रखरखीत उन्हाकडे बघत बसले. आमच्या हिनं काही न विचारता त्यांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.