मशीनमध्ये आई बोलली

आईचं पोट फुगत चाललं होतं. नांदेडच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी बघून सांगितलं, यकृतातलं रक्त बाहेर नेणाऱ्या तीन शिरा तुंबल्यात. थोडीशीच जागा अरुंद झाली असेल तर फुगा घालून उघडता येईल, पार मिटल्या असतील तर अवघड. नेमकं काय ते एमआरआयमध्येच कळणार होतं. हिमायतनगरजवळच्या आमच्या गावाहून तिला घेऊन आले तेव्हा 'थोडीशीच' एवढा एक शब्द मी मनात घट्ट धरला होता.

मशीनमधल्या सूचना हिंदीत. आईला हिंदी कळायची नाही, म्हणून तपासणी करणाऱ्या बाईंनी स्वतःच मराठीत सांगायचं ठरवलं. भली बाई. हाताच्या शिरेतून औषध सोडलं आणि त्या माईकवर म्हणाल्या, "आजी, दम धरा." श्वास रोखा, असं त्यांना म्हणायचं होतं.

आमच्याकडे दम धरा म्हणजे थांबा, घाई करू नका. आतून आईचा आवाज आला, "धरलाय की माय. सकाळपासून दमच धरून राहिले. तुमचं होऊ द्या सावकाश."

बाईंना हसू आवरेना. मला मात्र आलं नाही. औषध यकृतातून जातानाचेच फोटो हवे होते आणि ते सगळे हलले. दोन दिवसांनी पुन्हा यावं लागणार होतं. शाळेत दुसऱ्यांच्या लेकरांना एकच गणित दहादा समजावणारी मी, व्हरांड्यात सगळ्यांसमोर आईवर ओरडले, "तुला घडीभर तोंड मिटता येत नाही? तुझ्यामुळं सगळं वाया गेलं." ती पदरानं तोंड पुसत राहिली.

दुसऱ्या वेळी तिनं सांगितल्याबरहुकूम श्वास रोखला. फोटो स्वच्छ आले. तिन्ही शिरा पार मिटलेल्या. फार दिवसांचं दुखणं आहे, आता फुग्यानं काही होणार नाही, डॉक्टर मला एकटीला म्हणाले. यकृत बदलणं तिच्या प्रकृतीला झेपणारं नव्हतं. आईला मी सांगितलं, गोळ्यांनी बरं वाटेल.

भेटायला येणाऱ्या बायकांना ती सांगायची, "पहिल्या डावाला म्या आत बोलले बाई. फोटू बिघडला. न्हाई तर लेकीनं उघडून घेतली असती शीर." मी आत चहा गाळत ऐकायची. तुझी काही चूक नव्हती, एवढं म्हणायला कितीदा तरी उंबऱ्यापर्यंत गेले. पण तसं म्हटलं असतं, तर शिरा आधीच मिटल्या होत्या, हेही सांगावं लागलं असतं. ते माझ्या तोंडून निघालं नाही.

श्रावणात ती गेली. आदल्या दिवशी माझा हात धरून म्हणाली, "अजून राग हाय का माय तुला?"