ओढणी गिळलेला बोअर

उन्हाळी इंटर्नशिपमध्ये मी एका बोअरच्या तोंडात माझी ओढणी कोंबली. का, तर तो श्वास घेत होता म्हणून. हे सांगितलं की माझी नात विचारते, "आजी, तू इंजिनिअर होतीस ना गं?"

होणार होते. तिसऱ्या वर्षाची परीक्षा दिलेली, दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समधली मुलगी मी. अक्कल सगळी कॅल्क्युलेटरमध्ये. पुण्याच्या एका सरकारी प्रयोगशाळेत सहा आठवडे काम मिळालं. मुलींना तिथं ऑफिसात टेबलाशीच बसवायचे. मी साहेबांशी भांडले, मलाही फील्डवर पाठवा.

"जा," साहेब म्हणाले. "पण तुम्ही नीट केलंत तरच पुढच्या वर्षी दुसरी मुलगी जाईल."

शिरूरजवळ निमोण्याला एका आबांच्या शेतात पंप काढून टाकलेला जुना बोअर होता. राहायचं आबांच्याच घरी. सकाळी आणि दुपारी पाइपात टेप सोडायची, पाणी किती खोल आहे ते वहीत लिहायचं. बस.

पहिल्या सकाळी वाकले तर केसांची बट पाइपात ओढली गेली. दुपारी त्याच पाइपातून गार, ओल्या मातीच्या वासाचा वारा माझ्या चेहऱ्यावर आला. बाहेर बाभळीचं पानही हलत नव्हतं.

"भ्याचं न्हाई, ताई," आबा म्हणाले. "सकाळी आत घेतो, दुपारी भाईर सोडतो. लई वर्सं झाली."

हवेचा दाब बदलला की जमिनीतली हवा आत-बाहेर करते, हे मला माहीत होतं. पेपरात लिहून मार्कसुद्धा मिळवले होते. पण भर उन्हात, एकटीनं, कानाशी ते 'हूंऽ' चालू असताना कसले मार्क अन् काय! चौथ्या दुपारी ओढणीचा बोळा करून पाइपात दाबला आणि धूम पळाले.

सकाळी ओढणी गायब. टेप सोडली, ती दहा फुटांवर मऊ कशाला तरी टेकली. वर ओढताना कुणी क्षणभर धरून ठेवली, मग सोडली, असं वाटलं. दुपारी आवाज बदललेला. तोंड दाबलेल्या माणसानं काही सांगू पाहावं, तसा.

आणि मी शहाणीनं काय केलं? पाच दिवस मनानंच आकडे लिहिले. खरे दिसावेत म्हणून रोज इंचभर इकडंतिकडं.

सहाव्या दिवशी आबा बोअरपाशी उभे होते. त्यांची म्हैस तिकडं पाऊल टाकेना.

"ताई, त्याच्या तोंडात काय घातलंया?"

मी वही उचलली आणि तिथूनच निघाले. एसटीनं शिरूर गाठलं आणि एसटीडी बूथवरून साहेबांना सगळं सांगितलं, खोट्या आकड्यांसकट. पुढच्या मुलीची वाट मी बंद केली, हेही रडत रडत सांगितलं. पलीकडं साहेबांनी असा लांब श्वास घेतला, की रिसीव्हरही आत हवा ओढतोय असं वाटलं.

मग साहेब म्हणाले, "खोटे आकडे खोडा. ओढणी घातलीत तो दिवस आणि वेळ वहीत लिहा, ओढणी आपण गळ टाकून काढू. आणि पुढच्या वर्षी येईल त्या मुलीला हे सगळं तुम्हीच आधी सांगा. तो बोअर श्वास घेतो हे मीच तुम्हाला जाण्याआधी सांगणार होतो, पण तुम्ही हसाल म्हणून गप्प बसलो. त्या बोअरवर मी दोन दिवससुद्धा टिकलो नव्हतो."